एकाच कडेला खळ

सरांना काहीही सांगायला गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कधी?"

काय झालं, कुणी केलं, कुठे केलं, हे सगळं नंतर. चोरी झाली म्हणा, लग्न ठरलं म्हणा, घोलवडच्या वाडीत माकडं शिरली म्हणा, ते मान वर न करता विचारायचे, "कधी?" समोर गुजराती व्यापारी असला तर "क्यारे?" पाड्यावरचा माणूस असला तर "कव्हा?" भाषा बदलायची, प्रश्न तोच. डहाणूच्या कोर्टासमोरच्या चहावाल्याने एकदा त्यांना सांगितलं, "साहेब, नातू झाला." सर म्हणाले, "कधी?" "पहाटे," चहावाला म्हणाला. मग सरांनी त्याचा हात हातात घेतला. वेळ कळल्याशिवाय ते अभिनंदनसुद्धा करायचे नाहीत.

मी सहायक सरकारी वकील म्हणून रुजू व्हायला त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हाही तेच.

"सर, मी जॉइन व्हायला आलेय."

"कधी?"

मला कळेना. मी म्हटलं, "आत्ता. ही काय उभी आहे तुमच्यासमोर."

"मग तसं लिहा," असं म्हणून त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "दुपारच्या आधी, असं लिहा. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल, दुपारनंतर आली."

आमच्या कार्यालयात ते सगळ्यांत ज्येष्ठ होते. पोलिसांनी गुन्हा शोधायचा, आणि तो कोर्टात उभा करायचं काम आम्हा सरकारी वकिलांचं. डहाणू आणि तलासरी, दोन्हीकडची प्रकरणं आमच्याकडे यायची. हे काम सर इतकी वर्षं करत होते की कोर्टाच्या आवारातली कुत्रीसुद्धा त्यांच्या मागे मागे पहिल्या पायरीपर्यंत जायची आणि तिथे थांबायची. पण ओळखीने, सवयीने किंवा आठवणीने ते एकही काम करत नसत. कलम साधं चोरीचं असलं तरी पुस्तक उघडून, बोट ठेवून वाचायचे. एकदा एका नव्या न्यायाधीशांना याचा कंटाळा आला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, चोरीचं कलम तुम्हाला पाठ नाही?"

सर म्हणाले, "काल पाठ होतं, साहेब. आज बघतो."

आता माझं थोडं सांगते. मी गंजाडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आईबाप दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जायचे, भातापुरती थोडी जमीन आमची. वकिलीची पुस्तकं मी सगळी जुनी घेतली होती, कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली. त्यांच्यावर परीक्षा पास झाले, निवड झाली, म्हणून त्यांचा मला अभिमान होता. पहिल्या आठवड्यात सरांनी माझं फौजदारी कायद्यांचं पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उलटलं आणि विचारलं, "हे कधीचं?"

मला झोंबलं. मी म्हटलं, "मी ज्यावर पास झाले, तेव्हाचं."

त्यांनी ते मिटलं. पुस्तक पिशवीत टाकून घेऊन गेले. पुढच्या सोमवारी परत दिलं तेव्हा ते दुप्पट जाड झालं होतं. पानोपानी छापील पट्ट्या चिकटवलेल्या. ज्या ज्या कलमात मधल्या वर्षांत बदल झाला होता, त्या त्या जागी नवा मजकूर. मी पुस्तक हातात घेऊन बघतच राहिले.

सर म्हणाले, "आता हे आजचं आहे. उद्याचं तुम्ही बघा."

मला आयुष्यात बऱ्याच जणांनी पुस्तकं दिली. माझंच पुस्तक मला असं परत देणारा हा एकच माणूस.

या पट्ट्यांना आम्ही स्लिपा म्हणायचो. कायद्यात दुरुस्ती झाली की पुस्तकं छापणारे लोक त्या पाठवतात. बहुतेक ऑफिसांत त्या पाकिटासकट कपाटात पडून राहतात. सरांच्या टेबलावर आलेली स्लिप त्याच दिवशी पुस्तकात जायची. त्यासाठी बाजारातला डिंक त्यांना चालत नसे. बाटलीतला गोंद तर नाहीच, कारण त्याने पान आखडतं. मैद्याची खळ लागायची, तीही घरी शिजवलेली, आणि झुरळांनी पुस्तकं खाऊ नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम निळसर असायचं. बार असोसिएशनमधले वकील विचारायचे, "काय सर, आज कुठलं मतदान?"

ही खळ शिजवायच्या त्यांच्या वहिनी. सर मूळचे बोर्डीचे, बागायतदारांच्या घरातले. लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनी घोलवडच्या वाडीवर राहायचे, सर त्यांच्यापाशी. चिकू कधी काढायचे, कुठल्या गाडीने पाठवायचे, यात त्यांनी जन्मात लक्ष घातलं नाही. वहिनी आम्हाला म्हणायच्या, "आमच्या भाऊजींना झाडावरचा चिकू दिसत नाही. त्याला कलम केलंय म्हटलं तर लगेच विचारतील, कधी केलं." मोरचूद विषारी म्हणून खळीचं पातेलं वेगळं ठेवलेलं होतं. त्यावर सरांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, "खाऊ नये. आजपासून."

"आजपासून म्हणजे?" वहिनींनी विचारलं होतं. "काल खाल्लं तर चाललं असतं?"

"काल त्यात मोरचूद नव्हतं," सर म्हणाले.

स्लिप चिकटवायची त्यांची पद्धत सगळ्यांपेक्षा निराळी होती, आणि त्यावरून ते चिडायचेही फार. माझ्याबरोबर एक मुलगा रुजू झाला होता, सांगलीचा. हुशार, हात चलाख. त्याने एका दुपारी वीसपंचवीस स्लिपा सपासप चिकटवून टाकल्या, मागे पूर्ण खळ फासून, छान इस्त्री केल्यासारख्या. सरांनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सांगली, खालचं कुठे गेलं?"

"सर, ते जुनं होतं. नवं वर लावलं."

"मला जुनं वाचून दाखवा."

सांगलीने नखाने स्लिप खरवडायला घेतली तर पान फाटलं. सर त्याला ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि एक स्लिप घेऊन तिच्या फक्त डाव्या कडेला खळीची बारीक रेघ ओढली, दाबली, आणि मग बोटाने उजवी बाजू दारासारखी उघडून दाखवली. वर नवं, उचललं की खाली जुनं.

"झाकायचं नाही," ते म्हणाले. "उचलून बघता आलं पाहिजे. गुन्हा कधीचा, त्यावर कुठला कागद वाचायचा ते ठरतं."

सांगली, गंजाड ही आमची नावं होती. सर कुणालाच नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. तलासरी पोलिस ठाण्याचा हवालदार म्हणजे "तलासरी". मला आधी राग यायचा, वाटायचं, हा माणूस मला सारखं कुठून आले ते दाखवून देतो. मग एकदा त्यांनी फोनवर कुणाला तरी अदबीने "हो सातारा, पाठवतो सातारा" म्हटलेलं ऐकलं. पलीकडे आमचे वरिष्ठ होते, ज्यांच्यासमोर आम्ही उभं राहायलाही बिचकायचो. तेव्हापासून मला "गंजाड" ऐकायला आवडायला लागलं. आता त्या हाकेने कुणी बोलवत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं.

दर महिन्याला सर एक पान काढायचे. हाताने लिहिलेलं, झेरॉक्स मारून आजूबाजूच्या सगळ्या सरकारी वकिलांना आणि पोलिस ठाण्यांना पाठवलेलं. वर मथळा, "या महिन्यात काय बदललं". खाली नवे निकाल, नव्या दुरुस्त्या, दोन-दोन ओळींत. आम्हा लोकांसाठी इतकं नेमकं कुणीच काही छापत नव्हतं. जाडजूड मासिकं यायची, पण कोर्टाच्या धावपळीत ती वाचणार कोण. हे एक पान घडी करून कोटाच्या खिशात मावायचं. आणि ज्या महिन्यात काहीच बदललेलं नसे, त्या महिन्यातही पान यायचंच. त्यावर एवढंच, "या महिन्यात काही बदललं नाही. तपासलं आहे."

सांगली हसायचा. "सर, काही नाही हे सांगायला झेरॉक्स कशाला?"

"काही नाही हे कुणीतरी बघावं लागतं," सर म्हणायचे.

सुटीच्या शनिवारी त्यांचा वर्ग असायचा. तो वर्ग सरकारी नव्हता, त्याचा भत्ता नव्हता, आणि त्याला न येण्याची सोय नव्हती. माझ्या चुलतबहिणीची हळद त्या वर्गापायी बुडाली, तिने मला वर्षभर ऐकवलं. जागा घोलवडच्या वाडीतली पॅकिंगची शेड. आम्ही चिकूच्या रिकाम्या क्रेटवर बसायचो. बाजूला बायका चिकू निवडत, पुसत, खोक्यांत भरत बसलेल्या. आम्हाला वाटलं, सर निकालांवर व्याख्यान देतील. पहिल्याच शनिवारी त्यांनी सांगलीला एक कलम वाचायला दिलं आणि म्हणाले, "आता पुस्तक मिटा. त्या बायांना सांगा यात काय आहे."

सांगली उभा राहिला. त्याने बेपर्वाई, हयगय, सदोष, दखलपात्र असं सगळं शुद्ध मराठीत नीट सांगितलं. बायकांचे हात चालू होते. सरांनी विचारलं, "समजला काय?"

त्यातली थोराड बाई म्हणाली, "आवाज बरा हाय पोराचा. मंतर कशाचा म्हनतो ता नाय कळला."

सगळ्या हसल्या, सांगलीही हसला. मग सर माझ्याकडे वळले. मी आमच्या बोलीत सांगायला लागले. घरी आईशी बोलते तसं. आणि मधेच अडले. इतकी वर्षं जी भाषा मी कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जात होते, तिच्यात मला कायदा सांगता येईना. कलम मला पाठ होतं, पण ते कुणाला सांगावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. कितीतरी शनिवार गेले. कधी त्या बाया म्हणायच्या "नाय", कधी म्हणायच्या "अर्धा कळला". एक दिवस त्या थोराड बाईने हातातला चिकू खाली ठेवला आणि म्हणाली, "असा हाय काय? मग माझ्या भावाचा झालेला ता याच्यातच बसतंय." सरांनी मला शाबासकी दिली नाही. ते तिला म्हणाले, "कव्हा झालेला?"

त्या शेडमध्येच त्यांनी ती गोष्ट सांगितली, एकदाच.

ते नवे असतानाची गोष्ट. एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं घर जाळलं होतं. जाळणाऱ्यांना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हातारा कोर्टात उभा राहिला आणि दिवसभर बोलला. घाबरत, थांबत, पण सगळं बोलला. मग आरोपींच्या वकिलाने दाखवून दिलं की सरकार पक्षाने ज्या मजकुरावर आरोप ठेवलाय, तो गुन्हा घडण्याच्या आधीच बदललेला आहे. बदलाचा कागद टपालाने येऊन सरांच्या खणात पडला होता. पाकीट फोडायचं राहिलं होतं. आरोप बदलला आणि साक्षीदाराला पुन्हा बोलवावं लागलं. म्हातारा आला. पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगितला होता. तुमी हरवला असंल." आणि उतरून चालायला लागला. आरोपी सुटले.

बायकांचे हात चालू होते. सर म्हणाले, "माणसाला दोनदा सांगायला लावू नये. एवढ्यासाठी आपण वाचायचं."

स्वतःही ते कुणाला एक गोष्ट दोनदा विचारत नसत. पहिल्यांदाच नीट ऐकून घेत. "काय म्हणालात?" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

ते निवृत्त झाले आणि मग थोड्याच वर्षांत जुने तीन फौजदारी कायदे जाऊन नवे तीन आले. आमच्या धंद्यात याच्याएवढी उलथापालथ कुणी पाहिली नव्हती. कलमांचे आकडे बदलले. ज्या आकड्यांनी रस्त्यावरची पोरंसुद्धा शिव्या द्यायची ते आकडे गेले. आमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. मोठा हॉल, पडद्यावर तक्ता. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. शिकवणारे चांगले होते, भराभर सांगत होते, आणि आम्ही मोबाइलवर तक्त्याचे फोटो काढत होतो. मागच्या रांगेत कुणीतरी उठलं. बघते तर सर. निमंत्रण नव्हतं, निवृत्त माणसाला कोण बोलवणार. बसने आले होते.

"तक्ता छान आहे," ते म्हणाले. "तारखेचा रकाना कुठे आहे?"

शिकवणारे म्हणाले, "कसली तारीख?"

"गुन्ह्याची. जुनं वाचायचं की नवं, ते त्यावर ठरेल ना."

"तो मुद्दा शेवटी घेतलाय, सर."

"तो आधी घ्या," सर म्हणाले आणि खाली बसले. हॉलमध्ये हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "जुनं खोड दिसतंय." मी मागे वळून सांगितलं, "माझे गुरू आहेत." तेवढं मात्र मी मोठ्याने सांगितलं.

नवे कायदे लागू झाले त्या आठवड्यात ते आमच्या कार्यालयात आले, हातात खळीचा डबा. जुनी पुस्तकं शिपायाने रद्दीसाठी बांधून ठेवली होती. सरांनी दोरी सोडली. त्या प्रत्येक पुस्तकाच्या, आणि माझ्या पुस्तकाच्याही, पहिल्या पानावर, डाव्या कडेला खळ लावून, त्यांनी एकेक स्लिप चिकटवली. त्यावर जुना कायदा ज्या दिवशी संपला ती तारीख आणि एक ओळ, "याआधीचं असेल तर आत या."

"सर, हे आता कोण उघडणार?" सांगलीने विचारलं.

"गुन्हे कालचेही येणार आहेत," सर म्हणाले. "परवाचेही."

आणि तसंच झालं.

तलासरीकडचे मजूर घोलवडच्या दुसऱ्या एका वाडीतलं काम आटपून टेम्पोने घरी चालले होते. ड्रायव्हरने वळणावर भरधाव घातला, टेम्पो उलटला. एका बाईचा नवरा त्यात दबला. ती स्वतः मागे बसली होती, तिने सगळं पाहिलं. नवरा काही आठवडे दवाखान्यात होता, मग गेला. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा त्यात मृत्यूचं कलम नव्या कायद्याचं लावलेलं होतं. जुन्यात त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं, नव्यात पाच.

मी तलासरीच्या हवालदाराला विचारलं, "हे नवं कलम कसं काय?"

"मॅडम, टेम्पो उलटला जुन्या कायद्यात, पण माणूस मेला नव्या कायद्यात," तो म्हणाला. "मेल्याशिवाय मृत्यूचं कलम कसं लावणार? तक्ता बघूनच लावलंय."

त्याचं म्हणणं अगदी वेड्यासारखं नव्हतं. मग माझं ते जुनं, जाड पुस्तक काढलं, पहिल्या पानावरची स्लिप उचलली, आणि सरांचा आवाज डोक्यात वाजला. कधी? कशाचं कधी? ड्रायव्हरने जे केलं, ते कधी? त्याचं करणं तर त्या वळणावरच संपलं होतं. त्या दिवशी जी शिक्षा पुस्तकात होती, त्याहून जास्त त्याला नंतरच्या कायद्याने देता येत नाही. आज नवं कलम लावून मी पुढे गेले असते, तर त्या बाईची साक्ष होऊन जाईपर्यंत समोरचे वकील गप्प बसले असते, आणि मग उठले असते. आरोप बदलला असता. तिला परत उभं केलं असतं.

मी घोलवडला जाऊन सरांना विचारावं असं मनात आलं. पण ते काय विचारतील ते मला माहीत होतं, म्हणून गेले नाही.

कोर्टात आरोप वाचून दाखवायच्या दिवशी मी अर्ज दिला की इथे जुनं कलम लागतं. न्यायाधीशांनी मान्य केलं. बाहेर बदामाच्या झाडाखाली ती बाई आणि तिचा दीर उभे होते. हवालदाराने त्यांना सांगून टाकलं होतं.

दीर म्हणाला, "ताई, पाच वर्षं लिवलेली होती. तुमी दोन मागितली. ड्रायव्हरने चहा पाजला काय तुमाला?"

मी म्हटलं, "अजून कुणी पाजला नाही."

"तुमी गंजाडच्या ना? आपल्यातल्या? मग असा का?"

ती बाई दिराच्या मागे उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की दिराला पटवून उपयोग नाही. हिला कळलं पाहिजे. मी खाली बसले, ती बसली. मी आमच्या बोलीत सुरू केलं, शेडमध्ये सुरू करायचे तसं. म्हटलं, टेम्पो उलटला तेव्हा शेतात काय चाललं होतं?

"पेरणी," ती म्हणाली.

"आणि तो गेला तेव्हा?"

"भाताची आवणी लागलेली."

"नवा कायदा पेरणी आणि आवणीच्या मधे आला. टेम्पो उलटला तेव्हा जुना होता. ड्रायव्हरला त्या दिवसाचा कायदा लागणार. मी आज मोठं कलम धरून बसले, तर तू आत उभी राहून सगळं सांगशील. तो कसा दबला, काय म्हणाला, तू कसं ओढलंस. सगळं सांगून झालं की त्याचा वकील उठून म्हणेल, कायदा चुकला. मग तुला परत बोलवतील. परत पहिल्यापासून."

ती माझ्याकडे बघत होती. दीर मधे काहीतरी बोलायला गेला, तिने हाताने थांबवलं.

"म्हंजे मी सगळा सांगायचा, न् मंग तेनी म्हनायचा, परत सांग?"

"हो."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "घरात पोरांना पण मी नाय सांगितला अजून," ती म्हणाली. "मी एकदाच सांगीन."

"एकदाच सांग," मी म्हटलं. "बाकीचं मी बघते."

साक्षीच्या दिवशी ती उभी राहिली आणि बोलली. मधे दोनदा पाणी मागितलं. समोरच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली, तिने उत्तरं दिली, आणि उतरून बाहेर येऊन मला विचारलं, "परत?"

"नाही," मी म्हटलं.

नोकरीत मी पुष्कळ युक्तिवाद केले आहेत. या एका शब्दाइतकं मला कुठलंच बोलून बरं वाटलेलं नाही.

समोरचे वकील व्हरांड्यात भेटले, सिगारेट शोधत खिसे चाचपत होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी एक अर्ज तयार ठेवला होता. वाया घालवलात."

मी विचारलं, "कधी तयार केला होता?"

ते हसले. "पहिल्याच तारखेला."

निकाल लागला, ड्रायव्हरला शिक्षा झाली. दीर आवारात माझी वाट बघत उभा होता. हातात दोन कटिंग. एक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "ह्यो आमचा." मी घेतला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी घोलवडला गेले. सरांना आता दिसत नाही फारसं. शेडमध्ये क्रेटवर बसून असतात, बायकांचं बोलणं ऐकत. "या महिन्यात काय बदललं" हे पान आता मी लिहिते आणि मोबाइलवर सगळ्यांना पाठवते. सरांना मात्र जाऊन वाचून दाखवते. ऐकून झालं की ते विचारतात, "तपासलं आहे ना?" डोळे गेले, कान त्यांचे तसेच आहेत. पलीकडच्या झाडावरून चिकू पडला तरी मान वळते. आणि खळीचा डबा अजून शेजारी असतो. वहिनींच्या मते सवय म्हणून. मी बसले की तो माझ्याकडे सरकवतात, आणि मी नव्या पुस्तकांना स्लिपा लावत बसते. नव्या कायद्यांनाही आता दुरुस्त्या यायला लागल्यात.

त्या दिवशी मी सांगितलं, "सर, टेम्पोच्या केसचा निकाल लागला."

"कधी?"

"आज, दुपारी."

"काय?"

"शिक्षा झाली."

त्यांनी मान हलवली. ते फार खूश झाले असं दिसलं नाही. डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. बोट अजून निळसरच आहे. मग म्हणाले, "गंजाड, ती बाई किती वेळा उभी राहिली?"

"एकदाच, सर."

बायकांचे हात चालू होते. चिकू खोक्यात पडल्याचा आवाज येत होता. सरांनी मान माझ्याकडे वळवली.

"किती वेळा?"

कान त्यांचे चांगले आहेत, हे मी आत्ताच सांगितलं.

"एकदाच," मी म्हटलं.